वाड्यावरची लादाइन आणि न कळणारी प्रार्थना

एका वाचक बाईंचं पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या बाई मूळच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या, कॅथॉलिक. नवरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी हे कुटुंब दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात एका गावात भाड्याच्या घरात राहायला आलं. घरात नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. गावातली मिस्सा (चर्चमधली उपासना) कोकणीत, पुस्तकं रोमी (रोमन) लिपीत. "ओठ हलवते, पण प्रार्थना केल्यासारखं वाटत नाही," असं बाई लिहितात. सासूबाई तर मागच्या बाकावर बसून मिस्साभर मराठीत जपमाळ ओढतात. आता समुदायाच्या प्रमुख बाई घरी येऊन सांगून गेल्या की मे महिन्यात वाड्यावरच्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, खुरसापाशी (क्रुसापाशी) होणाऱ्या लादाइनीच्या (मारियेच्या सामुदायिक प्रार्थनेच्या) यजमानपदाची पाळी यंदा तुमची. नवऱ्याचं म्हणणं, पाकिटात पैसे घालून देऊ आणि यापुढे मडगावला इंग्रजी मिस्सेला जाऊ, मुलीची शाळा तशीही इंग्रजी आहे. बाई विचारतात: "न समजणारी प्रार्थना म्हणणं हा खोटेपणाच ना? पाळी घ्यावी की मानानं नाही म्हणावं? शेवटी आम्ही भायलेच (बाहेरचेच)."

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात टोकदार प्रश्न खोटेपणाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. ज्या लादाइनीची तुम्हाला धास्ती वाटते, ती सासष्टीत अजून पुष्कळ वाड्यांवर लॅटिनमध्ये गातात. मेस्त (गायन चालवणारा) पुढं म्हणणार "तुर्रिस एबुर्नेया", मागून सगळा वाडा म्हणणार "ओरा प्रो नोबीस". त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असतं की आपण आत्ता मारियेला 'हस्तिदंती मनोरा' म्हटलं? फार थोड्यांना. पोरं तर 'ओराप्रोनोबीस' असा एकच शब्द समजून ओरडत असतात. तरी त्यांच्यापैकी कुणी स्वतःला खोटं समजत नाही, आणि त्यात काही चुकतही नाही. लादाइन म्हणजेच लितानी, हाकांची माळ. एकानं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी 'आमच्यासाठी विनंती कर' एवढंच म्हणत राहायचं. नावाचा अर्थ कळला तर उत्तम, पण तिची चाल चालते ती त्या परत परत येणाऱ्या उत्तरावर. तुमच्याकडच्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत पेटी-ढोलकीवर भजन म्हणताना धृपद उचलणारी माणसं प्रत्येक कडव्याचा अर्थ लावत बसतात का? थोडक्यात, खुरसापाशी त्या रात्री सगळेच जरा परक्या भाषेत उभे असतात. परकेपणाचा मान एकट्या तुमचा नाही.

मिस्सेचं मात्र वेगळं आहे. ती जनभाषेत होते ती समजावी म्हणूनच, आणि 'नाही समजत तर नाही' म्हणून सोडून देणं बरं नव्हे. तुमची तक्रार तिथं खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळ आहे.

त्याआधी 'भायले' या शब्दाचं बघू. गोव्यात हा शब्द बोचतो आणि तो बोचावा म्हणून वापरणारेही आहेत, हे नाकारत नाही. पण चर्चच्या कायद्याला तो शब्द माहीत नाही. १९८३ च्या संहितेतलं १०२ वं कलम सांगतं की एखाद्या पॅरिशच्या हद्दीत तीन महिने राहण्याच्या इराद्यानं आलात, किंवा तीन महिने राहिलात, की तिथले अर्धनिवासी झालात. कायम राहण्याचा इरादा असेल किंवा पाच वर्षं पुरी झाली, तर पुरते निवासी. दोन्ही प्रकारांत तिथला पाद्र-व्हिगार (पॅरिशचा मुख्य धर्मगुरू) तुमचा स्वतःचा पाद्री ठरतो. घर भाड्याचं की मालकीचं, हा प्रश्न त्यात कुठंही येत नाही. तुम्हाला तीन वर्षं झाली. म्हणजे मुलीचं पहिलं कुमगार (पहिला ख्रिस्तप्रसाद), सासूबाईंचा आजारपणातला अभ्यंग, कधीतरी कुणाची अंत्यविधीची मिस्सा, हे सगळं तुमच्या हक्काचं आहे, कुणाच्या मेहेरबानीचं नाही. त्यासाठी पॅरिशच्या कुटुंबनोंदीत नाव मात्र हवं. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते: झाली आहे का ती नोंद? नसेल तर या आठवड्यात तुमच्या दोघांच्या विवाहाचा चर्चचा दाखला आणि घरातल्या सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले घेऊन कार्यालयात जा. भाडेकरू कुटुंबांचं घोडं नेमकं इथंच अडतं. तीन-चार वर्षं दर रविवारी बाकावर बसतात, वहीत नाव नसतं, आणि मग संस्काराच्या वेळी दोन्ही बाजू एकमेकांवर रुसतात.

काही दारं अर्थात बंदही असतात. काही गावांत कॉन्फ्रारियाचं (चर्चच्या बंधुमंडळाचं) सभासदत्व आणि फेस्ताचा (गावच्या सणाचा) मान ठरावीक घराण्यांतच फिरतो, स्मशानातल्या कायमच्या थडग्यांनाही मालक असतात. त्यावर गावागावांत वाद झाले आहेत, पुढंही होतील. तुम्ही आत्ता त्या वाटेला जाऊ नका. तुमच्या दारी आलेलं बोलावणं त्या खात्यातलं नाहीच. ते वाड्याचं आहे, आणि वाड्यावर माणूस मोजला जातो तो घराण्यावरून कमी आणि खुरसापाशी मेणबत्ती लावायला येतो की नाही यावरून जास्त. प्रमुख बाई स्वतः चालत तुमच्या घरी आल्या. वर्गणी हवी असती तर पावतीपुस्तक घेऊन एखादा पोरगा आला असता.

आता भाषा. मुळात तुम्हाला नवी भाषा शिकायची नाही, नवं स्पेलिंग शिकायचं आहे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यातली कोकणी देवनागरी, इगर्जीतली (चर्चमधली) कोकणी रोमी. या दोघींच्या मध्ये तुमच्यासारखा मराठी वाचक अडकतो, कारण कानाला ओळखीचा शब्द डोळ्याला ओळखू येत नाही. चार किल्ल्या लक्षात ठेवा. शब्दाच्या शेवटचा 'एम' बहुधा उच्चारायचा नसतो, तो नाकातला अनुस्वार. 'एक्स' म्हणजे 'श'. 'ओ' हा पुष्कळ ठिकाणी आपला साधा 'अ'. आणि टी, डी, एन, एल ही अक्षरं जोडीनं आली की ट, ड, ण, ळ. एकेकटी असली की त, द, न, ल. छापील पानावर 'देव बोरेम कोरुम' असं काहीतरी दिसतं, ते 'देव बरें करूं', म्हणजे धन्यवाद. एकदा हे बसलं की अर्धं पुस्तक आपोआप उघडतं.

मग एक दोनशे पानी वही घ्या आणि मिस्सेतला जो भाग दर रविवारी तोच असतो तेवढा स्वतःच्या हातानं देवनागरीत उतरवून काढा: क्रुसाची खूण, दयायाचना, महिमा गीत, विश्वासांगीकार, 'पवित्र, पवित्र', आमच्या बापा, 'देवाच्या कोकरा', आणि पाद्रीच्या वाक्यांना द्यायची छोटी उत्तरं. सगळं मिळून सात-आठ पानं होतील. एकदम पाठ करायला बसलात तर दुसऱ्याच रविवारी वैताग येईल. एका रविवारी एकच तुकडा, आणि सुरुवात 'आमच्या बापा'पासून, कारण तो मिस्सेत येतो, तेर्सात (जपमाळेत) येतो, लादाइनीच्या आगेमागेही येतो. विश्वासांगीकार सगळ्यात शेवटी. तो लांब आहे आणि सगळे एका सुरात म्हणत असतात, तोवर कान देऊन ऐकलंत तरी चालेल.

ओळखीचे शब्द फसवतात, तेवढं सांभाळा. 'आमच्या बापा'तच तीन आहेत. 'तुजी खोशी' म्हणजे तुझी खुशी नव्हे, तुझी इच्छा. 'संवसार' म्हणजे घरसंसार नव्हे, जग. आणि तिसऱ्यावर पुष्कळ मराठी माणसं अडखळतात: 'पातकां भोगस'. आपल्या कानाला वाटतं, देवाला 'पापं भोग' म्हणतोय की काय! कोकणीत भोगसणें म्हणजे क्षमा करणं. 'गिरास' हा मात्र आपलाच घास आहे, 'ग्रास'वरून आलेला. तसंच 'उतर' म्हणजे उत्तर नव्हे, शब्द. 'देवाचें उतर' म्हटलं की देवाचा शब्द. 'सोमी' म्हणजे स्वामी, प्रभू. कुमसार म्हणजे पापनिवेदन, कुमगार म्हणजे ख्रिस्तप्रसाद, बेसांव म्हणजे आशीर्वाद. हे तिन्ही पोर्तुगीजमधून आले, तेव्हा व्युत्पत्ती शोधत बसू नका.

राहिली वाचनं आणि प्रवचन. त्या त्या रविवारची वाचनं रोमन विधीच्या मिस्सेत तुमच्या मूळ पॅरिशमध्येही तीच आणि इथंही तीच असतात. तीन वर्षांचं चक्र ठरलेलं आहे. शनिवारी रात्री जेवणं झाली की मराठी बायबलमधून पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन आणि शुभवर्तमान घरात मोठ्यानं वाचा. पंधरा मिनिटं लागतात. शक्य असेल तर सासूबाईंना शुभवर्तमान वाचू द्या, नाहीतर मुलीला वाचायला लावून त्यांना ऐकू द्या. दुसऱ्या दिवशी कोकणी वाचन सुरू झालं की गोष्ट आधीच ठाऊक असते आणि शब्द तिच्यावर चपखल बसत जातात. प्रवचन पहिले काही महिने अर्धंच कळेल. मातृभाषेतलं प्रवचनही पुष्कळांना अर्धंच कळतं, ते सोडा.

नवऱ्याच्या म्हणण्यालाही बाजू आहे. रविवारचं कर्तव्य कुठल्याही कॅथॉलिक मिस्सेत पुरं होतं, आदल्या संध्याकाळच्या मिस्सेतही; गाव सोडून मडगावला गेलात म्हणून पाप लागत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसानं शनिवारी संध्याकाळी सोयीच्या भाषेत, सोयीच्या जागी मिस्सा ऐकली तर त्यात खंत करण्यासारखं काही नाही. पण सगळ्या घराचा मुक्काम तिकडे हलवण्याआधी हिशेब करून बघा. सासूबाईंना इंग्रजी कोकणीपेक्षाही परकी. 'भागेवंत मोरिये, देवाचे माये' एवढं तरी त्यांना आज लागतं, तिकडे तेही लागणार नाही. मुलीला शाळेत इंग्रजी, मिस्सेत इंग्रजी, म्हणजे आजीबरोबर देवाचं नाव घ्यायला एकही भाषा उरणार नाही. आणि मडगावच्या गर्दीत तुम्ही भायले नसाल हे खरं, कारण तिथं तुम्ही कुणीच नसाल. सासूबाईंना रात्री बरं वाटेनासं झालं तर धावत येणार तो वाडा. माझा कल विचाराल तर घर गावच्या मिस्सेत, नवरा पाळीप्रमाणे जमेल तिथं, आणि महिन्यातून एक रविवार चौघांनी मिळून गावात.

मग पाळी घ्यावी का? घ्या. मात्र आधी प्रमुख बाईंकडे जाऊन चार गोष्टी स्पष्ट करून घ्या. पाळी म्हणजे सगळा खर्च, की फक्त चणे आणि पेय? (पुष्कळ वाड्यांवर रंगरंगोटी आणि दिवे सामाईक पैशातून होतात.) तारीख ठरलेली आहे, की तुम्ही ठरवायची? लॅटिन की कोकणी, व्हायोलिनसकट की नुसती? लादाइनीआधी तेर्स आहे का? यातला एकही प्रश्न विचारायला संकोच नको, नवी सून आल्यावर तीही हेच विचारते. यंदा खरोखरच झेपत नसेल, कुणी आजारी असेल, कर्ज डोक्यावर असेल, तर आडवळणं न घेता सांगा: "औंदूं जमचें ना, फुडल्या वर्सा आमी घेतांव," आणि यंदा फक्त चणे आमचे म्हणा. गप्प राहणं किंवा पाकीट पाठवून गायब होणं, हे दोन्ही वाडा दहा वर्षं विसरत नाही.

लादाइनीला पाद्री लागत नाही. ही लोकांची प्रार्थना, लोकांनीच चालवायची. लागतो तो मेस्त, किंवा वाड्यावरचं एखादं जाणतं माणूस, आणि जमलं तर व्हायोलिनवाला. मे महिन्यात, ३ मेच्या जुन्या क्रुसाच्या सणापासून पावसाच्या तोंडापर्यंत, एकेका संध्याकाळी तीन-तीन वाड्यांवर लादाइनी असतात आणि वाजवणारे तेच ते. म्हणून तीन आठवडे आधी त्यांना गाठा, आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. पाकीट द्यायचंच असेल तर ते इथं द्या, शेवटी, हळूच.

बोलावणं फोनवरच्या संदेशानं करू नका. सासूबाईंना बरोबर घेऊन दारोदार जा आणि "खुरसार लादाइन आसा, येयात" एवढंच म्हणा. हिंदू शेजाऱ्यांची घरं वगळू नका. वाटेवरच्या खुरसाला तेल-फुलं घालणारी हिंदू घरं गोव्यात कमी नाहीत, आणि न सांगितल्याचं त्यांना वाईट वाटतं.

खुरसाला चुना काढायचा असेल तर निदान आठवडाभर आधी. आदल्या दिवशी काढला तर टेकणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर तो छापून घरी जातो. हार त्याच सकाळी. मेणबत्त्या वाऱ्यावर टिकत नाहीत, मुख्य दोन काचेच्या चिमणीत ठेवा, आणि लोक आणतील त्यांच्यासाठी पायथ्याशी वाळू भरलेली परात. ती नसली की लोक थेट खुरसाच्या पायरीवर मेण ओततात आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही चाकूनं खरवडत बसता. दिव्यांच्या माळेला वीज शेजारच्या घरातून घ्या, रस्त्याच्या खांबावरून मुळीच नाही. एक चार्जिंगचा दिवा हाताशी हवा, मेमध्ये वीज जाते ती नेमकी आमोरीच्या (संध्याकाळच्या प्रार्थनेच्या) घंटेनंतर. तारीख महिनाअखेरची असेल तर सर आली तर कुणाच्या बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) जमायचं, हे आधीच विचारून ठेवा. ध्वनिक्षेपक लावायचाच तर रात्री दहाच्या आत बंद; पन्नास माणसांना तो लागतच नाही, आणि व्हायोलिनचा सूर त्यात बिघडतो तो वेगळाच.

आता चणे, कारण नवख्या यजमानाची फजिती प्रार्थनेत होत नाही, चण्यांत होते. पन्नास माणसांना तीन किलो कोरडे चणे पुरतात. शिजून ते दुपटीहून जास्त भरतात. आदल्या रात्री नऊच्या सुमारास भरपूर पाण्यात भिजत घाला, सकाळी पाणी बदला. सोडा घालू नका, सालं सुटून चिखल होतो. पाच लिटरच्या कुकरात एका वेळी पाऊण किलो कोरड्या चण्यांच्या मापापेक्षा जास्त भरू नका, नाहीतर वरचे कडक राहतात आणि शिट्टीतून फेस येतो. म्हणजे चार घाणे. त्यापेक्षा वाड्यावरचं मोठं भांडं मागून आणा. मागून आणण्यानंही ओळख होते. दुपारी तीनच्या आधी शिजवू नका. मीठ चणे मऊ होत आले की घाला, मग पूर्ण निथळून परातीत पसरा आणि वर फक्त पातळ कापड. गरम चणे झाकण लावून ठेवले की मेच्या उकाड्यात रात्रीपर्यंत त्यांना आंबूस वास येतो, आणि मग वर्षभर लोक तेच सांगतात. चार-पाच नारळांच्या खोबऱ्याचे तुकडे वाटायच्या वेळीच मिसळा. कागदाचे द्रोण साठ, कारण दहा जण मुलांसाठी दुसरा मागतात. आणि लादाइन संपेपर्यंत परात उघडू नका. एकदा पोरांना वास लागला की 'आन्युस देई'पर्यंत कुणी जागेवर राहत नाही.

पेयांबद्दल पत्रात तुम्ही एक ओळ घाबरत घाबरत लिहिली आहे. हुर्राक किंवा फेणी ठेवण्याची पद्धत आहे, नियम नाही. तुमच्या घरात दारू चालत नसेल तर लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत भरपूर करा आणि कुणाला कसलं स्पष्टीकरण देऊ नका. एखादा शेजारी स्वतःची बाटली आणून कोपऱ्यात उघडेल. बघून न बघितल्यासारखं करा.

तुमची खरी इच्छा पत्राच्या तळाशी आहे: "आमची भजनं इथं म्हणता आली असती तर." येतील, पण जागा पाहून. लादाइनीच्या मधे मराठी भजन घुसवलंत, किंवा न सांगता ढोलकी आणलीत, तर चाल मोडेल आणि मेस्त रुसेल. लादाइन आणि शेवटचं गायन झालं, की चण्यांच्या आधी एक, फक्त एकच मराठी मारियागीत. मेस्ताला आधी ऐकवा, व्हायोलिनवाल्याला सूर द्या. सूर धरता आला तर तो नाही म्हणणार नाही.

तेर्स असेल तर त्याहून चांगली जागा तिथं आहे. जपमाळेच्या प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग पुढारी म्हणतो, उरलेला लोक. एक दशक (दहा मण्यांचा भाग) सासूबाईंना द्या. त्या म्हणतील "नमो मरिये...", वाडा उत्तर देईल "भागेवंत मोरिये...". दोन भाषांत एकच प्रार्थना कुठंही न अडखळता पुरी होते, कुणालाही आपली भाषा सोडावी लागत नाही. दिवस शनिवार असेल तर आनंदाचे भेद (चिंतनाचे प्रसंग) असतील; तिसरं दशक, येशूच्या जन्माचं, मागून घ्या. ज्या माउलीला गाव सोडून परक्या गावी बाळंत व्हावं लागलं, तिचं ते दशक आहे.

एक मागणी आणखी करता येईल. लोरेतोच्या ज्या लितानीला १५८७ मध्ये रोमनं मान्यता दिली, तिच्यात पोप फ्रान्सिस यांनी जून २०२० मध्ये तीन हाका नव्यानं घातल्या. त्यातली एक आहे 'सोलाचियुम मिग्रान्तियुम', स्थलांतरितांचं सांत्वन. ती येते 'पाप्यांचा आसरा' आणि 'दुःखितांचं सांत्वन' यांच्या मधे. मेस्ताच्या वडिलांच्या हातची वही असेल तर तिच्यात ती नसणार. तेव्हा आठवडाभर आधी चिठ्ठीवर लिहून द्या आणि एवढी हाक घालाल का म्हणून विचारा. ऐन वेळी सांगितलंत तर मात्रा बसवताना गडबड होईल.

जाता जाता: मराठीनं इगर्जीत तोंड उघडणं ही गोव्यात नवी गोष्ट नव्हे. तुमच्या सासष्टीतल्याच रायतूरला १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्रीचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापलं गेलं. सासूबाईंना हे सांगा, त्यांना बरं वाटेल. वाड्यावर मात्र हे वाद जिंकायला काढू नका. मराठी-कोकणीच्या भांडणात इथल्या घरांनी पुष्कळ काही सोसलं आहे आणि रोमीवाल्यांच्या मनात त्याची वेगळी सल आहे. लादाइनीच्या आदल्या आठवड्यात ती खपली काढण्यात शहाणपण नाही.

मुलीचं राहिलं. दोतोर्नीचा (धर्मशिक्षणाचा) वर्ग कोकणीत की इंग्रजीत, हे बऱ्याच पॅरिशमध्ये निवडता येतं. शाळा इंग्रजी असेल तर वर्ग इंग्रजीत बसू द्या, नियम आणि आज्ञा तिला त्याच भाषेत नीट समजतील. पण 'आमच्या बापा' आणि 'नमान मोरिये' कोकणीत, आणि झोपताना तेच आजीबरोबर मराठीत. नऊ वर्षांच्या पोराला तीन भाषांत प्रार्थना जड जात नाही, जड जाते ती आपल्याला. तिचा बाप्तिस्मा श्रीरामपूरकडे झाला असेल तर दाखल्याची ताजी प्रत आत्ताच मागवा. पहिल्या कुमगाराच्या महिनाभर आधी पळापळ करणारे पालक दर वर्षी दिसतात, आणि नावाच्या स्पेलिंगात चूक निघाली की दुरुस्ती होते ती बाप्तिस्मा झालेल्या पॅरिशच्या मूळ वहीतच, इथं नाही.

सासूबाई मिस्साभर जपमाळ ओढतात त्याबद्दल तुम्ही ओशाळून लिहिलंय. ओढू द्या, त्यांच्या वयाच्या कितीतरी कोकणी म्हाताऱ्याही तेच करतात. फक्त शुभवर्तमान आणि अर्पणाच्या वेळी मणी थांबवायला सांगा, ते वाक्य त्या ऐकतील. त्यांचं पापनिवेदन मराठीत होऊ शकतं का, ते पाद्र-व्हिगारांना थेट विचारा. सावकाश बोललेली मराठी बहुतेक गोवेकरांना कळते. पायऱ्या चढणं पुढं जड झालं, तर आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेतात त्या यादीत नाव घालायला सांगा, पुष्कळ ठिकाणी ही फेरी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असते.

लादाइनीच्या रात्री त्यांची खुर्ची मागं कुंपणापाशी ठेवू नका. मेस्ताच्या शेजारी, खुरसाकडे तोंड करून, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. उघड्यावर म्हाताऱ्या माणसाचा आवाज दहा पावलांपलीकडे जात नाही, आणि त्यांचं "नमो मरिये" लोकांना ऐकू आलं तरच पुढचं अर्धं कुणी उचलणार.